दोन हिरवे दिवे

सोमवार, ४ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ह्यांचं रोजचं लिहून ठेवत जा. झोप, जेवण, बोलणं, चिडणं, सगळं. मी म्हटलं, लिहिणं मला नवीन नाही, लग्न झाल्यापासून घरखर्च लिहितेच आहे, आता दुधाच्या रकान्यात नवरा लिहीन. बाई हसल्या. मी हसण्यासारखं काही बोलले नव्हते.

तर आजपासून लिहिते. सकाळी स्विच बसवणारा येऊन गेला. मुलाने पाठवलेला माणूस. गेल्या महिन्यात हे दुपारी उठून चालू लागले आणि मोठ्या रस्त्याच्या मधल्या कठड्यावर बसलेले सापडले, पायात माझ्या चपला. मुलगा रजा टाकून आला. त्याने एक संस्था बघून ठेवली आहे, तिथे असा विसर पडलेल्या माणसांना ठेवतात. ‘ठेवतात’ हा त्याचाच शब्द. मी म्हटलं, ठेवायला ते काय जुनं कपाट आहे? तो म्हणाला, “आई, अजून एकदा जरी बाबा बाहेर गेले तर मी तुझं काही ऐकणार नाही.” त्या ‘एकदा’ची नाकेबंदी म्हणून हे स्विच.

दाराच्या लोखंडी चौकटीवर बोटाएवढी पांढरी डबी आणि दारावर तिची जोडीदारीण. दारावरच्या डबीत लोहचुंबक, चौकटीवरच्या डबीत काचेची बारीक नळी, नळीत दोन नाजूक पात्या. दार बंद असलं की चुंबकामुळे पात्या एकमेकींना बिलगतात, उघडलं की सुटतात. बिलगल्या तर हिरवा दिवा, सुटल्या तर लाल आणि वर कर्कश शिट्टी. दुसरा स्विच ह्यांच्या पलंगाला. कडेला बिजागरीवरची फळी ठोकली आहे, वजन पडलं की आडवी होते, माणूस उठला की वर येते. फळीखाली वाटाण्याएवढी डबी, तिच्यात गोळी. फळी कलली की गोळी घरंगळते आणि दिवा लाल. दोन्ही दिव्यांची पाटी मी स्वयंपाकघरात देवांच्या शेजारी लावून घेतली, कारण मी असते तिथेच; मला बाहेर जायचं असलं की पाटीचं बटण बंद करायचं, आल्यावर चालू. बसवणारा म्हणाला, “काकू, ह्याला उदबत्ती ओवाळू नका हं, धूर बसतो.” मोठा चावट.

हे खुर्चीत बसून होते. मग उठले, ती गोळीची डबी हातात घेतली, कानाशी नेऊन हलवली आणि म्हणाले, “आमच्या टाकीतला हाताएवढा लांब होता.” किती दिवसांनी सबंध वाक्य! रस्त्याच्या टोकाला चुन्याचा कारखाना आहे, आता बंद पडलेला. तिथे हे फोरमन होते. उंच टाकीत वरून असे कलते स्विच टांगलेले असत. चुना चढत चढत स्विचला लागला की तो कलायचा, घंटा वाजायची, पट्टा थांबायचा. कामगारांना हे नेहमी बजावत की टाकीत डोकं घालून बघायचं नाही, पांढऱ्या धुरळ्यात डोळ्यांना काय वाटेल ते दिसतं, स्विच सांगेल ते खरं. घरीसुद्धा तेच. मी भात शिजला का म्हणून झाकण उघडलं तरी म्हणायचे, डोळ्यांवर जाऊ नकोस.

मग दोघं बराच वेळ बोलत बसले. हे म्हणाले, “शेजारी दुसरं चुंबक लावलं तर?” बसवणारा हसून म्हणाला, “काका, चोरांना सांगू नका, माझा धंदा बसेल.” मला त्यातलं फारसं कळलं नाही. दूध उतू जात होतं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज कित्येक महिन्यांनी माळ पूर्ण झाली.

दुपारच्या जेवणानंतर ह्यांना डॉक्टरीणबाईंची झोपेची गोळी देते, हे खोलीत जाऊन पडतात, मी देवापुढे बसते. आधी कसलं बसणं? जरा खुट्ट झालं की उठायचं, दार बघायचं, पुन्हा बसायचं. देव काय म्हणत असेल, ही जप करते की कवायत? आता डोळे उघडायचे, दोन हिरवे दिवे बघायचे, मिटायचे. मुलाच्या फोनवरही हेच दिवे दिसतात म्हणे. काल फोनवर म्हणाला, “बघ, किती शांत झोपतात बाबा.” आवाजात इतके दिवस नव्हता तो मऊपणा होता.

देवाचं नाव घेताना मी आता त्या पाटीलाही नमस्कार करते. करू नये, पण होतो.

झोपेतून ह्यांना उठवायचं नाही, असं बाईंनी बजावलं आहे. एकदा उठवलं तर मला ओळखलं नाही, मनगट पिरगाळलं. निळं झालं होतं. म्हणून दारातूनच डोकावते. डोक्यावरून पांघरूण घेतलेलं. झोप इतकी गाढ की पांघरूण वरखाली होतानाही दिसत नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

आज दुपारी कारखान्याची घंटा वाजली.

मी अर्ध्या माळेवर होते. आधी वाटलं कानात वाजतंय. मग शेजारच्या शिवणवालीचं मशीन थांबलं, आणि समोरच्या घरातलं बोलणंही. सगळी गल्ली श्वास धरून ऐकत असावी तसं झालं. थोडी वाजली, थांबली, पुन्हा थोडी. कारखाना बंद आहे, वीज केव्हाच तोडली आहे, फाटकावर एक म्हातारा पहारेकरी सोडला तर तिथे चिटपाखरू नाही.

शिवणवाली संध्याकाळी आली. “काकू, ऐकलंत ना? माझी तर सुई बोटात गेली.” मी म्हटलं, वारा असेल. ती म्हणाली, “वारा बटण दाबतो होय?”

मी मनात म्हटलं, काही का असेना, आमचे घरात आहेत. दोन्ही दिवे हिरवे होते. तेवढ्यासाठी देवापुढे साखर ठेवली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

ह्यांचं नवीन खूळ. जुना रेडिओ उघडून त्याच्या कर्ण्याचं काळं गोल चुंबक गेल्या आठवड्यातच काढलं होतं, खिशात घेऊन हिंडायचे; आज ते दाराच्या चौकटीवर, त्या पांढऱ्या डबीला अगदी खेटून, चिकटवून ठेवलं. मी काढलं. ह्यांनी पुन्हा लावलं. मी पुन्हा काढलं तेव्हा असे बघायला लागले की मला माझं मनगट आठवलं. राहू दे बापडं. नाहीतरी दाराच्या किल्लीला खिळा नव्हता, आता किल्ली तिथेच चिकटते. एक खिळा वाचला, भिंतही वाचली.

चादर धुवायला काढली तर तिच्यावर तेलकट चौकोनी डाग. साबण घासून घासून हात दुखले. पलंगाखाली ह्यांची हत्यारांची लोखंडी पेटी असते, तिचं तेल लागलं असेल म्हणावं तर पेटी खाली आणि चादर वर. ह्यांच्या अंगाला चौकोनी तेल कुठून लागतं ते देव जाणे.

खिडकीतल्या कुंडीत पांढऱ्या गोळ्याही सापडल्या. खताच्या असतील. शिवणवाली येता-जाता माझ्या कुंडीत काहीबाही टाकते.

सोमवार, १८ नोव्हेंबर

घंटा आता जवळजवळ रोज दुपारी वाजते. लोक जेवणं लवकर उरकून दारं लावून घेतात. दूधवाला सांगत होता, पहारेकरी कुणाशी बोलत नाही, विचारलं तर नुसता फाटकाकडे बोट करतो.

संध्याकाळी हे चहा पिताना मध्येच म्हणाले, “बॅटरी धरते अजून.” मी विचारलं, कसली बॅटरी? पुन्हा कपात बघत बसले. झोपेतलं काही आठवत असेल. चेहरा मात्र उजळलेला. ओठांच्या कडेला पांढरं लागलं होतं. मला वाटलं साखर, पदराने पुसलं. साखर नव्हती.

बाईंना फोनवर सांगितलं की तब्येत सुधारते आहे. जेवतात छान, रात्री शांत झोपतात. बाई म्हणाल्या, गोळी लागू पडली.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आज शिवणवालीशी वाजलं.

दळण घेऊन येत होते तर तिने खिडकीतून हाक मारली. “काकू, काकांना बरं वाटतंय ना आता? काल दुपारी कापडवाल्याकडून येताना कारखान्याच्या फाटकाशी भेटले की. किती छान बोलले! म्हणाले, तुझ्या मशीनचा आवाज इथवर येतो, तेल घाल. पोरीच्या परीक्षेचं विचारलं. आणि पहारेकऱ्याने चक्क सलाम ठोकला त्यांना.”

मी दळणाचा डबा खाली ठेवला. म्हटलं, “काल दुपारी हे घरात झोपले होते.”

“अहो, मी बोलले ना त्यांच्याशी!”

“तू कुणाशी बोललीस ते मला माहीत नाही. आमच्या ह्यांना परवा चमचा म्हणायचं सुचेना, ते तुझ्या पोरीच्या परीक्षा कुठून विचारतात?”

ती म्हणाली, “तेच तर! मला वाटलं, देवाने ऐकलं काकूंचं.”

मी तिला स्पष्ट सांगितलं की असलं काही बोलत सुटू नकोस. मुलाच्या कानावर गेलं तर उद्या गाडी दारात उभी राहील. ती फणकारली. “बरं बाई, माझे डोळे फुटले,” म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

घरी येऊन दारावरची डबी तपासली, पाटी तपासली. बोट लावलं तर दिवा कोमट लागला, जिवंत वस्तूसारखा. मग मुलाला फोन करून आडूनच विचारलं, काल दुपारी दिवे कसे होते रे? म्हणाला, “हिरवे. जेवणापासून चहापर्यंत जागचे हलले नाहीत बाबा. का गं?” म्हटलं, काही नाही, सहज.

दिवे खोटे म्हणावेत तर ह्यांचं इथलं राहणंच खोटं ठरतं. ते मला परवडणार नाही. शिवणवालीचे डोळे खोटे म्हणावेत तर ती दोऱ्याचा रंग अंधारात ओळखते. आज जपात मन लागलं नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

हे लिहिताना अक्षर वाकडं येतं आहे.

दुपारी दारावर थाप. शिवणवाली, गळ्यात मोजपट्टी तशीच, धापा टाकत. “काकू, चला, आत्ताच्या आत्ता चला. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत काका फाटकातून आत गेले. मी हाक मारली, हात हलवला त्यांनी. आज तरी म्हणू नका झोपलेत!”

मी तिचा हात धरून स्वयंपाकघरात नेली आणि दिवे दाखवले. दोन्ही हिरवे. ती म्हणाली, “दिव्यांचं मला नका सांगू.” मग तिला ह्यांच्या खोलीच्या दाराशी नेली. पडदा सारला.

खोलीत अंधारलेलं होतं. पलंगावर हे. डोक्यावरून पांघरूण, भिंतीकडे तोंड, नेहमीसारखे. उशाकडचा भाग थोडा उंच, मध्ये अंग जड पडलेलं. फळी आडवी, घट्ट दाबलेली. आम्ही दोघी बघत राहिलो. काहीही हललं नाही.

शिवणवालीने माझा दंड इतका आवळला की तिची नखं रुतली. अगदी हळू म्हणाली, “मग तिकडे कोण आहे, काकू?”

आणि त्याच वेळी घंटा वाजायला लागली.

ती पळाली. चपला घालायलाही थांबली नाही. मी देवापुढे येऊन बसले. माळ हातात होती, नाव तोंडात येईना. एवढंच कळत होतं की आमचे आत आहेत, बाहेर दुसरं कुणीतरी आहे आणि त्याला ह्यांचं तोंड आहे.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

फरशी पुसताना पाहिलं. बाहेरच्या दारापासून ह्यांच्या खोलीपर्यंत पांढरट पावलं. पुसट, पण पावलंच. सगळी आत येणारी. बाहेर जाणारं एकही नाही.

ह्यांच्याकडे गेले. हे खुर्चीत बसून बनियनचा धागा ओढत होते. विचारलं, “दुपारी कुणी आलं होतं का हो खोलीत?” माझ्याकडे बघितलं, रस्त्यात अनोळखी बाईकडे बघावं तसं. म्हणाले, “तुमचं काय काम होतं?”

मला ‘तुमचं’ म्हणाले. उंबरठा पाण्याने तीनदा धुतला.

अक्काला फोन केला. माझी मोठी बहीण, ती असल्या गोष्टी जाणते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माणूस असा अर्धा रिकामा झाला ना, की त्याची जागा बघून दुसरं येतं. तुझा नवरा घरात आहे ना? मग जे बाहेर हिंडतंय त्याला आत येऊ देऊ नकोस. दार वाजवेल, गोड बोलेल, जुनं काही आठवून देईल. ओ देऊ नकोस.” मी म्हटलं, “अक्का, भीती घालतेस का?” ती म्हणाली, “तूच तर सांगितलंस, तुझे दिवे हिरवे होते.”

मॅट्रिक झालेली बाई मी. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये एवढं कळतं. पण ज्याच्यावर विश्वास ठेवावा ती वस्तूही हेच सांगते आहे, मग काय करायचं?

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

कारखाना पाडणार आहेत. फाटकावर कागद लावला आहे. येत्या मंगळवारी मोठी टाकी खाली घेणार. गल्लीत सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दूधवाला म्हणाला, “आता वाजव म्हणावं घंटा.” शिवणवाली माझ्याशी नजर न मिळवता म्हणाली, “काकू, ती टाकी गेली की सगळं जाईल बघा.” मीही तेच धरून बसले आहे. जे काही आहे ते त्या टाकीत राहत असेल तर टाकीबरोबर जाईल, आणि आमचं घर पुन्हा आमचं होईल.

मी ह्यांना सांगितलं, तुमची टाकी पाडतायत हो मंगळवारी. मुद्दाम सांगितलं, काही उमटतं का बघायला. हे जेवत होते. घास तसाच हातात. म्हणाले, “रिकामी केली का?” मग पुन्हा जेवायला लागले.

सोमवार, २ डिसेंबर

बाहेरच्या दाराची वरची कडी बांधून ठेवलेली होती. मागे ह्यांनी एकदा मला बाहेर ठेवून आतून लावून घेतली होती, तेव्हापासून मुलाने तिला दोरी गुंडाळली. आज ती दोरी सोडली, कडीला तेल दिलं, चार वेळा लावून बघितली. उद्या धूळ उडेल, दारं-खिडक्या लावून घ्या, असं सगळ्यांना सांगून गेलेत. धुळीसाठीच लावणार आहे, असं लिहिते.

मुलाचा फोन. म्हणाला, “आई, खरं सांगू? संस्थेला मी नाही कळवलं. बाबा इतके छान राहतायत, तर असू देत तुझ्याजवळ.” फोन ठेवल्यावर मी भिंतीला टेकून बसले. जे मागितलं ते मिळालं. देवा, उद्याचा दिवस तेवढा पार पाड.

मंगळवार, ३ डिसेंबर

जपाला बसले होते, उठले. जमत नाही. म्हणून लिहीत बसले आहे. लिहिताना तरी हात एका जागी राहतो.

सकाळपासून यंत्रं चालू आहेत. जेवणानंतर ह्यांना गोळी दिली, हे पाणी पिऊन खोलीत गेले. फळी दबल्याचा आवाज आला, पलंगाचा दिवा हिरवा झाला. मी भांडी घासली आणि बसले. बाहेर यंत्रं थांबली होती, कामगारांची जेवणाची सुट्टी. इतकं शांत की नळाचा थेंब ऐकू येत होता.

मग घंटा. आजवर कधी वाजली नव्हती तशी, एकेक करून, मध्ये थांबत, कुणीतरी मोजून घेतंय असं वाटावं. बाहेर आरडाओरडा झाला. शिवणवाली खिडकीतून ओरडली, “काकू, कामगार पळाले बघा! म्हणतात, टाकीत कुणीतरी आहे!” तिने खिडकी आपटून लावली.

मी उठले, दिवे बघितले, हिरवे. खोलीत डोकावले, पांघरूण डोक्यावर, हे झोपलेले. जाऊन बाहेरच्या दाराची वरची कडी लावली. तेव्हा चौकटीकडे लक्ष गेलं. काळं चुंबक जागेवर होतं, किल्ली नव्हती.

किल्ली मी सकाळी तिथेच ठेवली होती.

आता बाहेर कुणीतरी आलं आहे.

पायऱ्यांवर चपला झटकल्या. किल्ली कुलपात फिरली. दार ढकललं गेलं आणि कडीला अडलं. पुन्हा ढकललं.

“अगं, आतून लागलंय.”

आवाज ह्यांचा. पण आत्ताचा नाही. पूर्वी हे कामावरून आले की जसा यायचा तसा, दमलेला आणि खुशीत.

“ऐकतेस का? पाणी ठेव अंघोळीला. सगळा पांढरा झालोय.”

मी दाराशी उभी आहे, वही दारावर टेकवून लिहिते आहे, नाहीतर माझा हात वर जाईल. अक्का म्हणाली होती, गोड बोलेल.

“खालचे सगळे कललेत बरोबर. एक अडकत होता, सोडवला. आता उघड की, हिशेबनीस.”

हिशेबनीस. लग्न झालं तेव्हा मी दुधाचा खर्चही लिहिते म्हणून हे चिडवायचे. नंतर मुलगा झाला आणि ते नाव मागे पडलं. हे कुणालाच ठाऊक नाही, अक्कालाही नाही. आणि आमच्या ह्यांना तर मी कोण हेच आठवत नाही. गेल्या मंगळवारी मला ‘तुमचं’ म्हणाले. मग हे नाव ज्याला येतं तो आमचा कसा असेल?

तरी हात कडीवर गेलाच. कडी थंडगार होती. बोटाने अर्धी सरकवली. इथून मान वळवली की स्वयंपाकघरातली पाटी दिसते. बघितली. दाराचा दिवा हिरवा. पलंगाचा दिवा हिरवा. आमचे झोपले आहेत. ह्यांनीच आयुष्यभर सांगितलं ते मी आज विसरायचं, आणि तेही एका हाकेसाठी?

कडी पुन्हा लोटली.

“कोण आहे?” मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

बाहेरून हसू ऐकू आलं. “कोण असणार?”

“हे आत झोपले आहेत,” मी म्हटलं.

बाहेर एकदम शांत झालं. श्वास ऐकू येत होता, पायऱ्या चढून आलेल्या माणसाचा.

मग म्हणाला, “झोपलेत?” आणि थोड्या वेळाने, “बरं. मग नको उठवूस. झोपू दे त्यांना.” आवाजात राग नव्हता. उलट कुणाच्या तरी घरी नको त्या वेळी आल्यासारखा ओशाळलेला होता. “मी तोवर वरचा बघून येतो. तो एक राहिलाय.”

किल्ली कुलपातून काढल्याचा आवाज आला. दाराच्या फटीतून ती आत सरकवली. मग चपला पायऱ्या उतरल्या, गल्लीतून गेल्या. जाताना शीळ घालत होता.

गेलं. देवाच्या कृपेने गेलं. मी खाली बसले. किल्ली अजून तिथेच पडली आहे, तिला चुना लागला आहे. हात लावणार नाही. नंतर पाण्याने धुऊन घेईन.

यंत्रं पुन्हा सुरू झाली. मुकादम ओरडतो आहे, कामगारांना शिव्या देतो आहे, कुणी नाही रे आत, चला. घंटा वाजते आहे. ह्या वेळी मध्ये थांबत नाही, सलग वाजते आहे. वाजू दे. शेवटचीच आहे.

आत्ता मोठा आवाज झाला. फडताळातली भांडी वाजली, देव आडवे झाले ते उचलून ठेवले. खिडकीच्या फटीतून पांढरा धुरळा आत येतो आहे. घंटा मध्येच बंद पडली. बाहेर कुणीच बोलत नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले. शिवणवाली माझं दार बडवते आहे, काकू काकू करते आहे. तिची भीती अजून गेलेली दिसत नाही. उघडते तिला जरा वेळाने.

दोन्ही दिवे हिरवे आहेत. एवढ्या धक्क्यातही हलले नाहीत. पाटीला नमस्कार केला, आज मुद्दाम केला.

चहा टाकला आहे, दोघांचा. आज ह्यांच्या कपातही साखर जरा जास्त घातली. उठवू नये म्हणतात, पण आज उठवणार आहे. बाजूला बसून हळूच अंगावर हात ठेवीन आणि म्हणेन, झालं हो सगळं, आता मला कसलीच भीती नाही.

चहा झाला. जाते उठवायला.